कथा आमची, सांगणार कोण?

वाचकहो, एखाद्या गावाच्या वेशीवर सरकारने मोठा फलक उभारावा आणि त्या गावचे लोक कोणत्या दुर्गुणांचे आहेत हे येणाऱ्याजाणाऱ्यास त्यावरून कळावे, अशी कल्पना तुम्ही क्षणभर करून पाहा. ऑस्ट्रेलियात ही गोष्ट प्रत्यक्षात घडली. २००७ साली त्या देशाच्या नॉर्दर्न टेरिटरी ह्या प्रांतात मूळ रहिवाशांच्या ७३ वस्त्यांवर केंद्र सरकारने खास कायदा लागू केला आणि वस्त्यांच्या वाटेवर निळे फलक लावले. ह्या हद्दीत दारू व अश्लील चित्रे आणण्यास मनाई आहे, असा त्यांचा आशय होता. ह्यातील कित्येक वस्त्यांनी पूर्वीच आपण होऊन दारूबंदी केलेली होती. दारूला कधी न शिवलेली वृद्ध स्त्रीपुरुष मंडळी तेथे राहत होती. फलकाने त्यांना आणि मद्यप्याला एकाच ओळीत उभे केले. हा कायदा चालावा म्हणून १९७५ चा वंशभेदविरोधी कायदा तेवढ्यापुरता बाजूस ठेवण्यात आला.

मुलांचे संरक्षण हे कारण सरकारने दिले होते आणि ते कारण खोटे नव्हते. मुलांवर अत्याचार होत होते, आणि त्याविरुद्ध मदत मागणाऱ्यांत त्याच वस्त्यांतील आज्या आणि माता होत्या. परंतु ज्या चौकशी अहवालाचा आधार घेऊन ही कारवाई झाली, त्याच्या लेखकांनी वस्तीतील लोकांशी खरीखुरी सल्लामसलत करा असे आग्रहाने सांगितले होते. तेवढेच नेमके झाले नाही. लोकांचे दुःख घेतले गेले, त्यांचे तोंड मात्र घेतले गेले नाही.

अन्याय दोनदा होतो, असे आमचे मत आहे. एकदा तो कृतीने होतो आणि दुसऱ्यांदा त्या कृतीच्या वर्णनाने होतो. ज्याची जमीन गेली त्याला आळशी म्हणून नोंदवले जाते. ज्या आईचे मूल हिरावून नेले तिला नालायक माता म्हणून कागदावर लिहिले जाते. ऑस्ट्रेलियात सुमारे १९१० ते १९७० ह्या काळात मूळ रहिवाशांची मुले सरकारी हुकमाने आईबापांपासून तोडून अनाथगृहांत व गोऱ्या कुटुंबांत ठेवली गेली. दर दहा मुलांमागे किमान एक आणि कदाचित तिघांमागे एक इतके हे प्रमाण होते, असा निष्कर्ष १९९७ च्या राष्ट्रीय चौकशी अहवालात आहे. पंतप्रधानांनी संसदेत त्याबद्दल क्षमा मागितली ती १३ फेब्रुवारी २००८ रोजी. ह्या मुलांपैकी कित्येकांना तुमच्या आईला तुम्ही नको होता असे सांगून वाढवले होते. असे वाक्य मनात घेऊन पन्नास वर्षे जगलेल्या माणसाला कोणते औषध द्यावयाचे?

ह्याच देशातील अ‍ॅडलेड शहरी मायकेल व्हाइट नावाचे एक समाजकार्यकर्ते होते. न्यूझीलंडचे डेव्हिड एप्स्टन हे त्यांचे सहकारी. ह्या दोघांनी मनाच्या दुखण्यावर उपचार करण्याची एक पद्धती बसवली आणि १९९० साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. तिला इंग्रजीत नॅरेटिव्ह थेरपी म्हणतात. आपण कथनोपचार म्हणू. तिचे तत्त्व साधे आहे. माणूस आणि त्याची अडचण ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत असे धरून चालावयाचे. तू दारुडा आहेस, असे म्हणावयाचे नाही; दारू तुझ्या घरात केव्हा शिरली, तिने तुझ्याकडून काय काय करवून घेतले, आणि कोणत्या दिवशी तू तिचे ऐकले नाहीस, असे विचारावयाचे. ह्या शेवटच्या प्रश्नात सारी खुबी आहे. कारण कितीही खचलेला मनुष्य असो, त्याच्या आयुष्यात असा एखादा दिवस असतोच. दुसऱ्यांनी त्याच्याविषयी जी कथा रचली तिच्यात त्या दिवसाला जागा नसते. तो दिवस शोधून काढणे, त्याच्या मागचे पुढचे दिवस जोडणे आणि ही दुसरी कथा चार माणसांसमक्ष बोलून दाखवणे, एवढाच हा उपचार. माणूस एकट्याने सांगतो त्यापेक्षा साक्षीदारांसमोर सांगतो तेव्हा त्याला तिचे बळ अधिक मिळते, म्हणून ऐकणाऱ्यांनाही ह्या पद्धतीत काम दिलेले आहे. त्यांनी सल्ला द्यावयाचा नाही, स्तुतीही करावयाची नाही. ऐकलेल्यातील कोणता शब्द आपल्याला भिडला आणि त्यामुळे आपल्या जगण्यात काय हलले तेवढे सांगावयाचे.

ही पद्धती गोऱ्या विद्वानांच्या खोलीतच राहिली असती तर तिच्यावर आम्ही शाई खर्च केली नसती. बार्बरा विंगार्ड ह्या अ‍ॅबोरिजिनल आरोग्यसेविकेने तिचे जे केले ते पाहण्यासारखे आहे. मधुमेहाने तिच्या लोकांत मोठा कहर मांडला होता. रोगी दवाखान्यात जाण्यास कचरत, कारण तेथे गेले की तुम्ही असे का खाता, वेळेवर का येत नाही, अशी झडती होई. विंगार्डबाईंनी सभेत एक नाटुकले सुरू केले. एका बाईने साखर व्हावयाचे. मी साखर, असे म्हणून तिने खुर्चीवर बसावयाचे आणि बाकीच्यांनी तिची उलटतपासणी घ्यावयाची. तू आमच्यात केव्हा आलीस? तुला आमच्या शरीरात कोठे राहावयास आवडते? तू कोणाला भितेस? खुर्चीवरील साखर मोठ्या ऐटीत उत्तरे देई आणि लोक हसत हसत तिचे सारे डाव ओळखून घेत. पूर्वी शिकारीवर आणि रानातील कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांना जमिनीवरून हुसकून मिशनांत व सरकारी वसाहतींत कोंबले, आणि पीठ, साखर व चहा असा शिधा वाटला, हा इतिहासही साखरेच्याच तोंडून बाहेर येई. लाज गेली की लोक बोलू लागतात. ह्या आणि अशा कामांवर विंगार्डबाईंनी जेन लेस्टर ह्यांच्यासह लिहिलेले पुस्तक २००१ साली निघाले.

त्याच बाईंनी पुढे आणखी एक पात्र खुर्चीवर बसवले, आणि ते साखरेहून अवघड होते. आपल्याच माणसाने आपल्या माणसाला खाली खेचणे, तू खरा आमच्यातला नव्हेस असे हिणवणे, शिकून वर गेलेल्याचा दुस्वास करणे, ह्याला तेथे आडवी हिंसा म्हणतात. वरून येणारा मार परत वर देता येत नाही, म्हणून तो शेजाऱ्यावर पडतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या लेखात बाईंनी ह्या आडव्या हिंसेशीच संभाषण घडवून आणले आहे. ती कोठून आली, तिला खतपाणी कोण घालते, ती सभेत कोणत्या वेषात येते असे प्रश्न तिला विचारले आहेत. आमच्या वाचकांनी आपापल्या वस्तीतील पोटजातींची आणि पक्षोपपक्षांची भांडणे डोळ्यांपुढे आणावी. ह्या खुर्चीवर कोणाला बसवावे, हे आम्ही सांगण्याची गरज उरणार नाही.

आता एक गंभीर आक्षेप घेऊ. ज्यांना जमीन हवी, काम हवे, पोलिसांच्या मारापासून संरक्षण हवे, त्यांना गोष्टी सांगावयास बसवणे ही थट्टा नव्हे काय? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. मूळ रहिवाशांच्या कोठडीतील मृत्यूंची चौकशी करण्यासाठी १९८७ साली रॉयल कमिशन नेमले गेले. त्याने ९९ मृत्यू तपासले आणि १९९१ साली ३३९ शिफारशी केल्या. त्या वेळी देशातील कैद्यांत मूळ रहिवाशांचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. आज ते एक तृतीयांशाच्या वर आहे, आणि लोकसंख्येत तर ते शंभरात चारही नाहीत. १९९१ नंतर कोठडीत आणखी पाचशेहून अधिक जण मेले. हे आकडे कथनाने खाली येत नाहीत. ते कायद्याने, न्यायाधीशाने आणि अंदाजपत्रकाने खाली यावयाचे असतात, आणि जे सरकार शिफारशी कपाटात ठेवून समुपदेशकांना मात्र पैसा पुरवते त्याचा हेतू तपासून घेतलाच पाहिजे.

तथापि ह्याच मृत्यूंच्या संदर्भात जे घडले तेही लक्षात घ्या. कमिशनचे काम संपले, वार्ताहर निघून गेले आणि मेलेल्यांचे नातेवाईक आपापल्या घरी राहिले. १९९४ साली साउथ ऑस्ट्रेलियातील अ‍ॅबोरिजिनल आरोग्य परिषदेने अशा कुटुंबांना कॅम्प कूराँग येथे काही दिवसांसाठी एकत्र बोलावले. हे स्थळ न्गारिंजेरी लोकांच्या स्वतःच्या भूमीवर, त्यांच्याच व्यवस्थेखालचे आहे. ऐकावयास व प्रश्न विचारावयास अ‍ॅडलेडच्या डलविच सेंटरची मंडळी होती. परंतु त्या दिवसांत काय व्हावे हे कुटुंबांना विचारून ठरले होते. ज्यांच्या मुलाबद्दल वा भावाबद्दल सरकारी कागदात गुन्हेगार आणि मद्यपी एवढेच लिहिले होते, त्यांनी तो कसा हसे, कोणाची काळजी घेई, हे तेथे सांगितले. आपल्याला वेड लागत नसून आपल्यावर अन्याय झाला आहे, हा भेद त्यांनी स्वतः उच्चारला. पुढील वर्षी ह्या मेळाव्याचा वृत्तांत छापला गेला. आमच्या दृष्टीने महत्त्व आहे ते ह्या भेदाला. दुखणे माझ्या मनात आहे असे ज्याला पटवले जाते तो औषध मागतो; दुखणे माझ्यावर लादले गेले असे ज्याला उमगते तो जाब मागतो. कथनोपचार ह्या दोहोंपैकी काय शिकवतो, ह्यावरून त्याची पारख करावी. डॉक्टरच्या खोलीत बंद दाराआड चाललेला आणि अन्यायाचे नाव न घेणारा उपचार आम्हाला मान्य नाही, मग त्याचे नाव कितीही नवे असो.

दुसरे उदाहरण यिर्कलाचे. उत्तर किनाऱ्यावरील अर्नहेम लँडच्या ह्या वस्तीतील योल्न्गू लोकांनी १९६३ साली झाडाच्या सालीवर आपल्या भूमीची चित्रे रंगवून, त्यांत स्वभाषेत आणि इंग्रजीत मजकूर चिकटवून, संसदेकडे अर्ज धाडले. त्यांना न विचारता त्यांची जमीन बॉक्साइटच्या खाणीसाठी देण्यात आली होती. चित्र आणि कथा हाच त्यांचा सातबारा होता. न्यायालयाने १९७१ साली तो मानला नाही. परंतु त्या खटल्याच्या धक्क्यातून पुढे १९७६ चा नॉर्दर्न टेरिटरीचा भूमिहक्क कायदा आला. त्याच यिर्कला व शेजारच्या गुन्यंगारा वस्तीत तरुणांच्या आत्महत्यांनी लोक हवालदिल झाले, तेव्हा देशाच्या दुसऱ्या टोकाला, दक्षिणेकडील पोर्ट ऑगस्टा येथील अ‍ॅबोरिजिनल लोकांशी त्यांची कथांची देवघेव सुरू झाली. एका वस्तीने आपल्या कठीण दिवसांत आपण एकमेकांना कसे धरून ठेवतो ते सांगितले. ते लिहून, त्याची गाणी करून दुसरीकडे नेले गेले. दुसरीने ऐकले, आणि तुमच्या बोलण्याने आम्हाला काय दिले हे उलट कळवले. २००६ साली ह्या कामाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत त्या वस्त्यांतील माणसांची नावे आहेत. मदत मागणाराच मदत देणारा झाला म्हणजे त्याची मान आपोआप वर येते.

येथवर कागद आणि गाणे होते. आता यंत्राकडे वळू. डिजिटल कथाकथन म्हणून ज्याचा सध्या बोलबाला आहे, त्याचा उगम १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात झाला. आठदहा माणसे वर्तुळात बसतात, प्रत्येक जण आयुष्यातील एक गोष्ट सांगतो, ती अडीचशे-तीनशे शब्दांत लिहितो, स्वतःच्या आवाजात नोंदवतो आणि घरातील छायाचित्रे जोडून दोनतीन मिनिटांचा चित्रपट संगणकावर तयार करतो. कॅमेरेवाला, दिग्दर्शक, निवेदक कोणी लागत नाही. गरिबाच्या हातात हे साधन येणे ही मोठी गोष्ट आहे, ह्यात शंका नाही.

परंतु यंत्र शिकवणाऱ्याने तेथे नेण्यापूर्वीच मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील लोकांनी ते आपल्या रीतीने हाती धरले होते. १९८५ साली देशाचा पहिला दळणवळण उपग्रह आकाशात गेला. आता शहरी दूरदर्शन आपल्या तंबूपर्यंत येणार आणि मुले आपली भाषा विसरणार, ह्या धास्तीने युएंडुमू येथील वार्लपिरी आणि एर्नाबेला येथील पित्जंत्जत्जारा लोकांनी परवान्याची वाट न पाहता स्वतःचे छोटे प्रक्षेपण सुरू केले. युएंडुमूचे फ्रान्सिस जुपुरुर्ला केली हे त्यातील एक प्रमुख. एरिक मायकेल्स ह्या अभ्यासकाने तेथे राहून ह्या लोकांच्या चित्रणाविषयी जे लिहिले ते मार्मिक आहे. बाहेरच्याला वाटे की कॅमेरा उगाच रिकाम्या माळावर फिरतो आहे. पण वार्लपिरी प्रेक्षकाला ठाऊक असे की तो पूर्वजांच्या वाटेने चालला आहे. चित्रणाच्या जागी कितीतरी नातेवाईक येऊन बसत आणि पडद्यावर त्यांतले जवळजवळ कोणीच दिसत नसे. ते कशाला येत? त्यांच्या समाजात प्रत्येक कथेचे एक बाजूने धनी असतात, त्यांना किर्दा म्हणतात. आणि दुसऱ्या बाजूने राखणदार असतात, ते कुर्दुंगुर्लु. राखणदार हजर नसेल तर धन्याने सांगितलेली कथाही पक्की मानली जात नाही. साक्षीदारांपुढे कथन करावे हा जो शोध अ‍ॅडलेडच्या पंडितांनी लावला, तो वाळवंटात केव्हाचाच कायदा होता.

म्हणूनच दोनतीन मिनिटांचा तो कॅलिफोर्नियाचा साचा तेथे जसाच्या तसा बसत नाही, असे आम्हाला वाटते. तो साचा मी ह्या शब्दापासून सुरू होतो. तुझे गुपित सांग, तुझी जखम दाखव, असे तो म्हणतो. पण जेथे कथा एकट्याची नसते, ती भूमीची, कुळाची आणि कधी केवळ स्त्रियांची वा केवळ पुरुषांची असते, तेथे कार्यशाळेतील एखाद्या तरुणाने शिक्षकाच्या आग्रहाने सांगून टाकलेली गोष्ट त्याच्या घरात कलह माजवू शकते. शिवाय मृतांचा प्रश्न आहे. आपल्याकडे दिवंगत वडिलांची तसबीर भिंतीवर मानाने लावतात. तेथील अनेक समाजांत माणूस मेल्यावर काही काळ त्याचे नाव उच्चारीत नाहीत आणि चित्रही दाखवीत नाहीत. मध्य ऑस्ट्रेलियात त्या नावाच्या जिवंत माणसालाही तोवर कुमन्जयी ह्या बदली नावाने हाक मारतात. जगभर पसरलेला चित्रपट अशा वेळी परत कसा बोलवावयाचा? शहरातून आलेली मंडळी आठवडाभरात वस्तीची रडगाणी यंत्रात भरून घेऊन जातात, परिषदांत दाखवतात, अनुदान मिळवतात आणि पुन्हा फिरकत नाहीत, तेव्हा ती पूर्वीच्या कवट्या नेणाऱ्यांहून किती वेगळी, असा प्रश्न पडतो.

ह्यावर उत्तरही त्यांनीच काढले आहे. १९९४ पासून आनंगू लोकांनी आरा इरितित्जा नावाचा संग्रह उभारला. त्या शब्दांचा अर्थ फार पूर्वीच्या गोष्टी. मिशनऱ्यांनी, शिक्षकांनी आणि वस्तुसंग्रहालयांनी नेलेली छायाचित्रे, चित्रफिती व ध्वनिमुद्रणे गोळा करून त्यांच्या प्रती वस्त्यांतील संगणकांवर परत आणल्या. कोणाचे निधन झाले तर त्यांचे चित्र झाकता येते, पुरुषांचे व स्त्रियांचे गुप्त विषय वेगळे ठेवता येतात, आणि चित्राखालची चुकीची ओळ आजीबाई स्वतः दुरुस्त करवून घेऊ शकतात. टेनंट क्रीकच्या वारुमुंगू लोकांबरोबर काम करताना ह्याच धर्तीवर मुकुर्तू हा संग्रह निघाला. मुकुर्तू म्हणजे मौल्यवान वस्तू जपून ठेवण्याची विणलेली पिशवी. पिशवी ज्याच्या हाती आहे त्याला विचारून आत हात घालावयाचा, हा नियम त्यांनी यंत्राला शिकवला.

आणि ऐकण्याचे काय? डेली नदीकाठच्या नाउइयु वस्तीच्या शिक्षिका मिरियम-रोझ उंगुनमेर-बाउमन ह्यांनी १९८८ साली आपल्या भाषेतील दादिरी हा शब्द बाहेरच्या जगापुढे मांडला. घाई न करता, आत शांत होऊन, खोलवर ऐकणे असा त्याचा अर्थ. तीन राज्यांच्या सीमेवरील वाळवंटात १९८० पासून एनपीवाय विमेन्स कौन्सिल ही स्त्रियांची संस्था काम करते. तिच्या वृद्ध सभासदांनी आणि न्गंगकारी म्हटल्या जाणाऱ्या पारंपरिक वैद्यांनी डॉक्टरांबरोबर वर्षानुवर्षे बसून भय, शोक, घुसमट ह्यांना आपल्या भाषेत नेमके कोणते शब्द आहेत ते धुंडाळले. मुलांशी ह्या गोष्टी बोलता याव्यात, एवढाच हेतू. त्यांनी पित्जंत्जत्जारा आणि न्गान्यत्जारा भाषांत ध्यानाचे पाठही ध्वनिमुद्रित केले आहेत आणि ते फोनवर मोफत ऐकता येतात. श्वासावर लक्ष ठेवण्याचा हा अभ्यास तेथे असा पोचावा, ह्याचे कौतुक बौद्ध वाचकास वाटल्यावाचून राहणार नाही. मात्र तो त्यांच्या स्त्रियांनी, त्यांच्या शब्दांत, पारखून घेतला आहे.

तुमच्या घरी वृद्ध मंडळी असतील. नातवंडांच्या हातात फोन आहे. आजीचे बोलणे नोंदवून ठेवा, आम्ही नको म्हणणार नाही. परंतु ते कोणी पाहावे आणि कोणी पाहू नये, हे तिला आधी विचारा. तिला नको असलेला भाग पुसण्याचा अधिकार तिच्याकडे ठेवा. आणि केवळ मार, भूक व अपमान एवढेच विचारून उठू नका. तिने कोणत्या दिवशी ऐकले नाही, तेही विचारा.

युएंडुमूचेच शेवटचे एक सांगावयाचे राहिले. १९२८ साली कोनिस्टन परिसरात एका गोऱ्या इसमाच्या खुनानंतर पोलीस शिपाई जॉर्ज मरे आणि त्याच्या टोळीने वार्लपिरी, अन्मात्येरे व काय्तेत्ये लोकांना ठिकठिकाणी गाठून गोळ्या घातल्या. सरकारी आकडा ३१ मृतांचा. इतर अंदाज साठांच्या वर जातात आणि लोकांच्या सांगण्यातला आकडा त्याहूनही मोठा आहे. १९२९ साली चौकशी मंडळाने हा सारा गोळीबार स्वसंरक्षणार्थ होता असा निर्णय दिला. वस्तीतील म्हाताऱ्यांनी ती हकीकत मुलांना सांगणे सोडले नाही. १९८० नंतर व्हिडिओ आला तेव्हा जुपुरुर्ला केली ह्यांनी प्रथम जे विषय घेतले त्यात ही हकीकत होती. २०१२ साली डेव्हिड बॅटी ह्यांच्यासह त्यांनी तिच्यावर पूर्ण चित्रपट केला आणि त्यात मृतांच्या वंशजांनी कामे केली. २०१८ साली, हत्याकांडास ९० वर्षे झाली तेव्हा, नॉर्दर्न टेरिटरीच्या पोलीस आयुक्तांनी त्या भूमीवर जाऊन पोलीस दलाच्या वतीने क्षमा मागितली.